मिरवणुकीचा रस्ता कोणी ठरवायचा? बेलफास्टचे पेपर वाचताना मिरजेबद्दल सुचलेलं

कृष्णाघाट (मिरज)

उत्तर आयर्लंड हा अख्खा प्रांत १९ लाख लोकांचा. आपला एकटा सांगली जिल्हा २०११च्या जनगणनेत २८ लाखांवर होता. तेवढ्याशा मुलखात तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. १० एप्रिल १९९८ला करार झाला, बंदुका बहुतेक थांबल्या, पण रोजची बातमी अजूनही दोन घरांत दोन तऱ्हांनी वाचली जाते. भाची तिकडे नर्स म्हणून गेल्यापासून मी तिथले दोन पेपर नेटवर वाचतो. ‘न्यूज लेटर’ १७३७ पासून निघतो, तो ब्रिटनबरोबर राहू म्हणणाऱ्यांचा, म्हणजे बहुतांशी प्रोटेस्टंटांचा. ‘आयरिश न्यूज’ हा आयर्लंड एक व्हावा म्हणणाऱ्यांचा, म्हणजे बहुतांशी कॅथलिकांचा. धर्मावरून बाजू ओळखली जाते. भांडण आपला देश कोणता यावरचं आहे.

बॉम्बच्या बातम्या आता फारशा नसतात. असतात त्या आपल्या नगरपालिकेसारख्या. बेलफास्टचं नवं मोठं स्टेशन २०२४ला सुरू झालं. पुढच्या वर्षी तिथे इंग्रजीच्या जोडीला आयरिश भाषेतल्या पाट्या लावायचं ठरलं, खर्च दीड लाख पौंड. त्यावरून सरकारमधल्या पक्षांतच जुंपली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्याआधी ३ डिसेंबर २०१२ला तिथल्या महापालिकेने ठराव केला होता, की इमारतीवर ब्रिटनचा झेंडा रोज न लावता ठरावीक दिवशीच लावायचा. त्यावर कित्येक महिने रस्ते अडवले गेले. विधानसभेत निवडून आलेल्या प्रत्येकाला सुरुवातीलाच नोंदवावं लागतं: युनियनिस्ट (ब्रिटनवाले), नॅशनलिस्ट (एक आयर्लंडवाले) की इतर. कळीच्या ठरावाला या दोन गटांची मतं वेगळी मोजतात. ‘इतर’वाल्यांचं मत एकूण बेरजेत धरतात, गटांच्या मोजणीत नाही. त्यात दोन मोठ्या पक्षांपैकी एक रुसला की सरकारच बसत नाही. जानेवारी २०१७ पासून तीन वर्षं आणि फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं तिथे सरकार नव्हतं. दवाखान्यात नंबर लागत नाही म्हणून दोन्हीकडचे लोक सारखेच हैराण, आणि मतदान पुन्हा आपापल्या बाजूलाच.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण म्हणजे मिरवणुका. १६९०च्या बॉइनच्या लढाईत प्रोटेस्टंट राजा जिंकला, त्याची आठवण म्हणून दर १२ जुलैला ऑरेंज ऑर्डर ही संघटना ढोल-बँड लावून मिरवणुका काढते. पोर्टाडाऊन गावात १२ जुलैच्या आधीच्या रविवारची मिरवणूक ड्रमक्रीच्या चर्चमधून परतताना गार्वाही रोडवरून, म्हणजे कॅथलिक वस्तीतून जायची. १९९५ पासून दरवर्षी तोच तिढा. १९९६ला तर पोलिसांनी आधी रस्ता अडवला, मग जमाव वाढल्यावर सोडला. अडवला तेव्हा एक बाजू पेटली, सोडला तेव्हा दुसरी. १९९८ला ड्रमक्रीचा ताण चालू असतानाच बॅलिमनी गावात एका घरावर पेट्रोल बॉम्ब पडून तीन लहान भाऊ गेले.

त्याच सुमारास एक गोष्ट झाली, जी आपल्याकडे कोणी करत नाही. मिरवणुकीचा निर्णय पोलिसांच्या हातून काढून घेतला. त्यासाठी कायद्याने परेड्स कमिशन नेमलं. मिरवणूक काढणाऱ्याने २८ दिवस आधी ठरलेल्या फॉर्मवर कळवायचं: कुठून कुठे, किती वाजता, किती माणसं, कोणतं वाद्यपथक. विरोधात उभं राहायचं असेल त्यांनीही १४ दिवस आधी कळवायचं. वादाची मिरवणूक असेल तर कमिशन दोन्हीकडचं ऐकतं आणि कारणं लिहून निर्णय जाहीर करतं. रस्ता बदलेल, वेळ बदलेल, चर्चसमोरून जाताना एकेरी ठेक्याशिवाय काही वाजवायचं नाही असंही सांगेल. बंदी घालण्याचा अधिकार कमिशनला नाही. पोलिसांचं काम फक्त अंमलबजावणीचं. दरवर्षी तिथे हजारो मिरवणुका निघतात आणि बहुतेकांवर कसलाच वाद नसतो.

आता आपलं. २ सप्टेंबर २००९, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मिरजेत अफजलखान वधाचं चित्र असलेल्या स्वागत कमानीवरून वाद झाला. दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. पुढे सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पसरलं. चतुर्दशी उलटून गेली तरी मूर्ती मंडपातच होत्या. १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. मिरज, सांगली आणि इचलकरंजी या तिन्ही जागा भाजपने जिंकल्या. जिंकणारे जिंकले, तो त्यांचा हक्क. पण त्या प्रचारात मिरजेच्या पाण्याबद्दल, रस्त्यांबद्दल कोण काय करणार यावर मला कुठे चर्चा ऐकू आली नाही. प्रत्येक कोपऱ्यावर कमान एके कमान.

माझं म्हणणं एवढंच आहे: कमान, चित्र, रस्ता, आवाज यांचा निर्णय आदल्या रात्री बंद खोलीत होतो, तोंडी होतो, आणि म्हणून तो कोणालाच आपला वाटत नाही. दोन्ही बाजूंना वाटतं समोरच्याने दबाव आणला. हा निर्णय महिनाभर आधी, लेखी, कारणांसकट, सगळ्यांना वाचता येईल असा व्हायला हवा. जुलूसलाही तोच नियम, शिवजयंतीलाही तोच, आंबेडकर जयंतीलाही तोच. तुम्हाला काय वाटतं?

हळदपेठ (सांगली)

काका, पूर्ण सहमत. २००९ला आमच्या पेठेत हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे थांबले होते. व्यापाऱ्याचा माल गोदामात पडून राहतो, त्याला चार दिवसांनी गिऱ्हाईक मिळतं. हमालाची बुडालेली हजेरी कोण भरून देणार? आमच्याकडचे हमाल सगळ्या जातिधर्माचे आहेत. संचारबंदीत सगळ्यांच्याच चुली सारख्या बंद होत्या.

तुम्ही तिथल्याच डेरी शहराचं उदाहरण दिलं नाहीत. त्या शहरात ॲप्रेंटिस बॉईज नावाच्या संघटनेची ऑगस्टमध्ये मोठी मिरवणूक असते, तीही सतराव्या शतकातल्या वेढ्याची आठवण. तिथे कॅथलिक रहिवासी आणि मिरवणूकवाले एकमेकांशी बोलायला तयार नव्हते, तेव्हा शहरातले व्यापारी मध्ये पडले. दोन्हीकडे जाऊन बसले, निरोप पोचवले आणि तोडगा निघाला. आज डेरीचं उदाहरण बेलफास्टला देतात. आपल्या व्यापाऱ्यांनी दंगलीनंतर निवेदनं दिली, शांतता फेऱ्या काढल्या. आधी कोणी मध्ये पडलं नाही. वर्गणी मात्र सगळ्या मंडळांना आम्हीच देतो, म्हणजे आमचं ऐकायला हवं अशी जागा आमच्याकडे आहे.

येरळाकाठ (खटाव)

दादा, तुमचा मुद्दा चांगला आहे, पण आमच्या पुसेसावळीला मिरवणूकच नव्हती. १० सप्टेंबर २०२३, रविवारची रात्र. गणपती यायला अजून नऊ दिवस होते. सोशल मीडियावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर गेला. एक तरुण जिवानिशी गेला, कितीतरी जखमी झाले. सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं गेलं.

त्या दिवसांचं सांगतो. नेट बंद म्हणून अफवा बंद झाल्या असं अजिबात नाही. पुण्या-मुंबईची पोरं फोन करून आम्हालाच विचारायची की तुमच्याकडं काय काय झालं, आणि त्यांनी ऐकलेलं आम्हाला सांगायची. त्यातलं निम्मं गावात घडलेलंच नव्हतं. यस्टी स्टँडवर जो जास्त जोरात बोलेल त्याची बातमी खरी. पोलिसांकडून दिवसातून दोन वेळा साधी लेखी माहिती आली असती, काय झालं, काय झालं नाही, तर माणसं निदान ती वाचून दाखवू शकली असती. ग्रामपंचायतीचा फळा आहे की. स्पीकर आहे. कोणी वापरला नाही.

कमिशन मिरवणुकीला लागू पडेल. खिशातल्या फोनला कुठलं कमिशन लावणार?

आणि अजून एक. एक पोरगा मेला, त्याची बातमी दोन दिवस. पोस्ट कोणी टाकली, कशी टाकली, खोटं खातं होतं का, यावर गप्पा महिनाभर. मला हे फार लागलं.

गावभागातला (सांगली)

धागाकर्त्यांचा हेतू चांगला असेल, पण तुलना पटली नाही. तिथे एका गटाला देशच वेगळा हवा आहे. इथे तसं काही नाही. मग तिकडचं औषध इथे कशाला?

दुसरं, मी वर्षानुवर्षं मंडळाचं काम करतोय. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडलं तो आपल्या जिल्ह्याशेजारचा, आपल्या राजाचा इतिहास आहे. ते चित्र लावलं तर कोणाचा अपमान कसा होतो? ते आदिलशाही सरदार आणि मराठ्यांचा राजा यांच्यातलं राजकारण होतं. मिरजेतल्या मुसलमानाचा अफजलखानाशी संबंध नाही असं सगळेच म्हणतात, मग चित्राला हरकत का? २०२२ला १० नोव्हेंबरलाच सरकारने त्या कबरीभोवतीचं बेकायदा बांधकाम पाडलं, तेही कायद्याने. कायदा आहे, पोलीस आहेत. वर आणखी एक समिती नेमली की तिथेही माणसं जातीधर्माचा हिशोब करूनच बसवणार.

कृष्णाघाट (मिरज)

गावभागातले, चित्र खोटं आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ऑरेंज ऑर्डरवालेही हेच म्हणतात, की १६९० हा आमचा इतिहास आहे आणि तो आम्ही का झाकावा. झाकायला त्यांना कोणी सांगितलं नाही. ड्रमक्रीचे लोक आजही चर्चला जातात, मिरवणूक काढतात. १९९८ पासून गार्वाही रोडवरून जात नाहीत, एवढाच फरक. प्रश्न कोणाच्या दारात, किती वाजता, किती आवाजात, एवढाच आहे. आणि हा प्रश्न आदल्या रात्री फौजदाराने सोडवायचा की महिनाभर आधी सगळ्यांसमोर सुटायचा, हा माझा मुद्दा.

समितीवर माणसं कोण, ही तुमची शंका मात्र खरी आहे.

येरळाकाठ, फळ्याची सूचना फार मोलाची. त्याला ना कायदा लागतो ना पैसा.

जवारी (मिरज)

मी मिरजेचा, मुसलमान, घरात तंतुवाद्यांचं काम. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर कोणीतरी विचारणारच.

अशा प्रत्येक चर्चेत तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला कोणीतरी ख्वाजा शमना मीरांचा दर्गा, उरुसातला चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ, अब्दुल करीम खाँसाहेबांची संगीत सभा आणि मिरजेची सतार घेऊन येतं. या वेळी अजून आलेलं नाही, म्हणून आधीच सांगतो. ते सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. पण उरुसाच्या रात्री मांडीला मांडी लावून गाणं ऐकणाऱ्या माणसाकडे मी दुसऱ्या दिवशी भाड्याने खोली मागायला गेलो, तर तो आडनाव विचारतो. माझ्या मुलाला सांगलीत खोली शोधताना फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की ‘घरच्यांना विचारून सांगतो’. बातमीचंही तसंच. चोरी, अपघात, पळून जाऊन लग्न, काहीही असो. लोक आधी आडनाव बघतात आणि मग ठरवतात की वाचून राग यायला हवा की वाईट वाटायला हवं. आमच्याकडचे लोकही हेच करतात, ते मी लपवणार नाही.

आता शांतता समिती. एका वर्षी मला बैठकीला बोलावलं. मी उत्साहाने गेलो, कारण आमच्या गल्लीतलं गटार दर पावसाळ्यात तुंबतं आणि मिरवणुकीचा मार्ग त्याच गल्लीच्या तोंडावरून जातो. गटाराचं पाणी रस्त्यावर असताना दोन हजार माणसं तिथे थांबणार, गणपतीसमोर. मला तेच सांगायचं होतं. पण मला ‘मुस्लीम समाजाचे प्रतिनिधी’ म्हणून उभं केलं आणि समाजातर्फे शांततेचं आश्वासन द्यायला सांगितलं. समाजाने मला निवडलेलं नव्हतं. गटाराचा विषय काढला तर म्हणाले, तो या बैठकीचा विषय नाही, महापालिकेत जा. मंडळाचे एक जण बाहेर येऊन म्हणाले, भाई, त्या गटाराचा त्रास आम्हालाच जास्त होतो, तुम्ही बोललात ते बरं केलं. आत मात्र ते बोलू शकले नाहीत, कारण आत तेही ‘हिंदू मंडळांचे प्रतिनिधी’ होते.

कृष्णाघाटकाकांनी ‘इतर’वाल्यांचं लिहिलं ते वाचून मला तीच खोली आठवली. म्हणून माझी अट एवढीच, की जे काही नेमाल तिथे माणूस गल्लीचा म्हणून बसवा. या रस्त्यावर राहणारा, या रस्त्यावर दुकान असणारा. धर्माचा कोटा ठेवलात तर गटार तुंबलेलंच राहील.

वाळव्याची लेक (वाळवा)

जवारीभाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्या तालुक्यात गोटखिंडी आहे. तिथे १९८०च्या सुमारापासून गणपती मशिदीत बसतो, दहा दिवस. एका वर्षी पावसात मूर्ती भिजू नये म्हणून आत घेतली आणि पुढे तीच रीत झाली, असं सांगतात. पाहुणे येतात, फोटो काढतात, बातमी होते. बाहेरच्यांना वाटतं तिथली माणसं काही वेगळ्या मातीची असतील. मी शिक्षिका आहे, त्या भागातली मुलं माझ्या वर्गात असतात. वेगळी माती वगैरे काही नाही. तिथेही बांधावरून भांडणं होतात, ग्रामपंचायतीला पॅनल पडतात. फरक असा की दर वर्षी दोन्हीकडची माणसं आधी बसतात आणि या वर्षी कोणते सण एकत्र आलेत ते बघून सगळं ठरवून घेतात. आधी बसणं, हेच मुख्य. काका जे कायद्याने मागतायत ते तिथे सवयीने होतं.

पण सवय छोट्या गावात टिकते. मिरज-सांगलीसारख्या शहरात मंडळाचा अध्यक्ष तीन वर्षांनी बदलतो, फौजदार दोन वर्षांनी बदलतो. शहराला लिहिलेलं हवं.

आणि एक तक्रार आहे. मी बघितलेल्या शांतता समितीच्या प्रत्येक फोटोत पुरुष. पोरगं रात्री बाराला घरी आलं नाही तर दारात उभी कोण असते? तिला खुर्ची द्या.

मिरजेची सिस्टर (बेलफास्ट)

मामा, तुम्ही धाग्याची लिंक पाठवलीत म्हणून खातं उघडलं. इथलं थोडं सांगते, कारण तुम्ही कमिशनचं फार चांगलंच चित्र काढलंय.

कमिशनला इथे दोन्ही बाजूंच्या शिव्या असतात. ऑरेंजवाले म्हणतात आमचा हक्क काढून घेतला, रहिवासी म्हणतात फार सवलत देतात. २०१३ला उत्तर बेलफास्टमध्ये आर्डोइन या कॅथलिक वस्तीजवळून परतीची मिरवणूक जायला नाही म्हटलं, तर ट्वॅडेल ॲव्हेन्यूवर निषेधाचा तंबू उभा राहिला तो २०१६च्या ऑक्टोबरपर्यंत. पोलिसांचा खर्च दोन कोटी पौंडांच्या घरात गेला. शेवटी सुटलं ते स्थानिक लोकांच्या समझोत्याने, कमिशनच्या आदेशाने नाही. पण मधल्या काळात मोठा रक्तपात झाला नाही, कारण निर्णय काय आहे आणि का आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कमिशनने वेळ मिळवून दिला, असं मी म्हणेन. वेळ मिळाला की बोलणारी माणसं सापडतात.

माझ्या वॉर्डात दोन्हीकडच्या नर्सेस आहेत. १८ डिसेंबर २०१९ला पगार आणि अपुऱ्या नर्सेस या प्रश्नावर इथे नर्सेसनी संप केला. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासातला तो पहिला संप. सरकार तेव्हा बंद होतं, दाद मागायला मंत्रीच नव्हता. जुन्या सहकारी अजून त्या थंडीतल्या दिवसाबद्दल सांगतात, की शँकिल आणि फॉल्स, म्हणजे दोन टोकांच्या वस्त्यांमधल्या बाया एका रांगेत उभ्या होत्या आणि जाणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवून पाठिंबा द्यायची. पुढच्या महिन्यात सरकार परत बसलं आणि पगाराचा प्रश्न सुटला. त्याच बाया मतदानाला पुन्हा आपापल्या पक्षाकडे गेल्या, हेही खरं.

शाळा मात्र वेगळ्याच आहेत. मुद्दाम एकत्र शिकवणाऱ्या शाळांमध्ये शंभरातली सात-आठ मुलं. बाकी कॅथलिक मुलं एकीकडे, प्रोटेस्टंट दुसरीकडे. मला हे कळलं तेव्हा मिरजेतल्या माझ्या वर्गाची पटसंख्या डोळ्यांसमोर आली. आपल्याकडे अजून हे पूर्ण झालेलं नाही. होऊ देऊ नका. मुलं पाचवीपर्यंत एका बाकावर बसली नाहीत तर पुढे कुठलंच कमिशन पुरणार नाही.

आणि ऑगस्ट २०२४ला इथे दंगल झाली ती आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांवर. दुकानं जाळली. तेव्हा सोशल मीडियावरच्या निरोपांनीच माणसं जमवली होती, येरळाकाठ म्हणतात तसंच. आम्हाला दवाखान्यात ड्यूटीवर आणायला-सोडायला सहकाऱ्यांनी आपापल्या गाड्या लावल्या. कोण कुठल्या बाजूची, हे कोणी विचारलं नाही.

जुना वाडा (कऱ्हाड)

सिस्टर, जपून राहा.

एका मुद्द्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आपण सगळं हिंदू-मुस्लीम चौकटीत बघतो. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जळाली. आमचंही. आजोबा रात्रीतून कऱ्हाडला आले ते कायमचे. ज्यांनी घर पेटवलं त्यांची नावं आजोबांना माहीत होती. त्यांच्यातल्याच एकाने आजीला आणि मुलांना स्वतःच्या गोठ्यात लपवलं होतं. त्या दोन्ही घराण्यांशी आमचे संबंध आजही आहेत, लग्नकार्याला जाणं-येणं आहे. पण १९४८ हा शब्द कोणी काढत नाही. गावाच्या इतिहासात पत्री सरकार आहे, नाना पाटील आहेत, १९४२ आहे. १९४८ गायब.

उत्तर आयर्लंडमध्ये डेरीला ३० जानेवारी १९७२ रोजी सैन्याने मोर्चावर गोळीबार केला, १३ माणसं त्याच दिवशी गेली. १९९८ला नव्याने चौकशी नेमली, १५ जून २०१०ला तिचा अहवाल आला आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ३८ वर्षं लागली. मेलेल्यांचे नातेवाईक तेवढी वर्षं एकच मागत होते, की आमची माणसं निरपराध होती हे सरकारने लिहून द्यावं.

मला कोणावर खटला नको. पण २००९चं, २०२३चं आणि १९४८चंही काय झालं ते गावाने लिहून ठेवावं. नाहीतर प्रत्येक घर आपापलं १९४८ मुलांना कानात सांगतं, आणि ते दर पिढीला थोडं वाढतं.

गावभागातला (सांगली)

जुना वाडा, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्या आजोळी या गोष्टी दबक्या आवाजात ऐकल्यात.

कमिशनबद्दल माझं मत तेच आहे, नवी समिती नको. पण जवारींनी गल्लीच्या माणसाचं लिहिलं ते पटलं. २०१९च्या पुरात आयर्विन पुलाची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या मंडळाची पोरं ज्या घरांतून माणसं काढत होती तिथे कोणी आडनाव विचारलं नाही. गल्ली विचारली, कारण होडी कुठे वळवायची ते कळायला हवं होतं. तसं असेल तर मी येईन बसायला.

वाळव्याची लेक (वाळवा)

मग तारखांचं बघू या. गेली काही वर्षं सण एकमेकांवर का येतात, हे मुलांना शिकवताना मी मांडून बघितलं होतं. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात. आपण साधारण तीन वर्षांनी अधिक मास घालून ऋतूशी जुळवून घेतो, हिजरीत तसं काही नाही. म्हणून दोन-तीन वर्षं एकच जोडी जमते आणि अधिक मास आला की सुटते. २०१८ ते २०२० मोहरम गणपतीत आला. २०२३च्या अधिक श्रावणानंतर ईद-ए-मिलाद अनंत चतुर्दशीच्या आसपास आली, तीन वर्षं. २०२३ला दोन्ही २८ सप्टेंबरलाच होते आणि कितीतरी ठिकाणी मुस्लीम समाजाने जुलूस पुढे ढकलला, सरकारने ईदची सुट्टी २९ला दिली. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे. गणपती १४ सप्टेंबरला, ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे जोडी सुटते. नियम लिहायचे असतील तर हेच वर्ष. कोणाची मिरवणूक कोणासमोर येणार नाही, तेव्हा कोणाला माघार घेतल्यासारखं वाटणार नाही.

जवारी (मिरज)

बरोबर, ताई. गणपतीच्या शेवटी ग्यारवी शरीफ येईल, पण आमच्याकडे त्या दिवशी घरात फातेहा आणि जेवण असतं, रस्त्यावर मोठं काही नसतं.

कृष्णाघाट (मिरज)

मग मी अर्जाचा मसुदा करतो, पोलीस, महापालिका आणि प्रांत कार्यालय तिघांच्या नावे. मिरवणूक किंवा कमान ज्याची असेल त्याने २८ दिवस आधी मार्ग, वेळ, वाद्य आणि चित्राचा नमुना लेखी द्यायचा. त्या मार्गावरचे रहिवासी आणि दुकानदार, बायका धरून, यांच्याबरोबर उघडी बैठक. निर्णय कारणांसकट वॉर्डाच्या फळ्यावर. गडबड झालीच तर दिवसातून दोनदा लेखी माहिती त्याच फळ्यावर. मार्गावरची गटारं आणि खड्डे हा त्याच बैठकीचा पहिला विषय. नवीन समिती नाही, आहे त्यांनीच हे करायचं. हळदपेठ, तुम्ही पेठेतल्या दोन-चार जणांशी बोलून ठेवा.

हळदपेठ (सांगली)

बोलतो. वर्गणीच्या पावतीबरोबर हा कागद द्यायचा, असं सुचवून बघतो.

गावभागातला (सांगली)

काका, २८ दिवस कमी पडतील. कमानीच्या पेंटरला आणि मांडववाल्याला विसार आम्ही आषाढात देतो. चित्र तेव्हाच ठरतं, श्रावणात रंगकाम सुरू होतं. एकदा पैसे गुंतले आणि पोरांनी रात्री जागून काम केलं की मग ते बदला म्हणणाऱ्याचं कोणी ऐकणार नाही, मी अध्यक्ष असलो तरी माझंही नाही. मसुद्यात ज्येष्ठ पौर्णिमा ही तारीख घाला, २०२६ला निज ज्येष्ठाची. मंडळाची बैठक त्याच आठवड्यात असते, मी तिथे वाचून दाखवतो.